घेतलेला प्राण आणि दिलेला आवाज

वाङ्मयाच्या इतिहासात नाकारलेल्या संहितांची नोंद सहसा कोणी ठेवीत नाही. छापलेल्या पुस्तकाचे परीक्षण होते, रंगभूमीवर आलेल्या नाटकावर टीका होते. पण लिहून पूर्ण झालेले, वाचून बाजूला ठेवलेले आणि कपाटात पिवळे पडत गेलेले लिखाण टीकेच्याही वाट्याला येत नाही. आपल्या धर्मग्रामांत सणासाठी बसवायची म्हणून लिहिलेली आणि काही ना काही कारणाने राहून गेलेली नाटुकली ज्यांच्या घरी पडून असतील, त्यांना हे वेगळे सांगावयास नको. म्हणूनच १९६३ साली लिहिली गेलेली, पण कधीच चित्रित न झालेली एक इंग्रजी दूरचित्रवाणी-कथा २०१२ साली, म्हणजे तब्बल ४९ वर्षांनी, केवळ आवाजाच्या आधारे उभी राहिली, ही घटना आम्हांस परीक्षणयोग्य वाटली. 'द मास्टर्स ऑफ लक्सर' हे त्या कथेचे नाव. आपण तिला 'लक्सरचे स्वामी' म्हणू. हे लक्सर म्हणजे इजिप्तमधील प्राचीन मंदिरांचे नगर नव्हे. ते दूर अंतराळातील एक कल्पित जग आहे.

या कथेची पार्श्वभूमी थोडक्यात सांगणे अवश्य आहे. बी. बी. सी. या संस्थेने २३ नोव्हेंबर १९६३ रोजी, शनिवारी सायंकाळी, 'डॉक्टर हू' नावाची मालिका सुरू केली. आदल्याच दिवशी अमेरिकेचे अध्यक्ष जॉन केनेडी यांची हत्या झाली होती. त्या शोकाच्या सावटाखाली एक वृद्ध, तऱ्हेवाईक प्रवासी आपली नात सुझन आणि तिचे दोन शिक्षक, विज्ञानाचे इयान व इतिहासाच्या बार्बरा, यांना घेऊन काळाच्या आणि अवकाशाच्या सफरीवर निघाला. पहिल्या कथेचे दिग्दर्शन लखनौ येथे जन्मलेल्या वारिस हुसेन या तरुणाने केले होते, ही बाब आपल्याकडे फारशी कोणाला ठाऊक नाही. ती पहिली कथा लिहिली अँथनी कोबर्न यांनी. बाहेरून रस्त्यावरची निळी पोलीस-पेटी दिसणारे आणि आत मात्र विस्तीर्ण असलेले ते कालयान पुढे जगप्रसिद्ध झाले. त्याला पोलीस-पेटीचे रूप देण्याची कल्पना कोबर्न यांचीच मानली जाते.

या लेखकाने लगेच दुसरी कथाही लिहिली. आरंभी तिचे नाव नुसतेच 'यंत्रमानव' असे होते. पुढे ते 'लक्सरचे स्वामी' झाले. सहा भागांची ही कथा मालिकेत दुसऱ्या क्रमांकावर यावयाची होती. परंतु निर्मात्या व्हेरिटी लँबर्ट आणि संहिता-संपादक डेव्हिड व्हिटेकर यांचे तिने समाधान झाले नाही. ती बाजूला पडली आणि तिच्या जागी टेरी नेशन यांची सात भागांची कथा आली. २१ डिसेंबर १९६३ ते १ फेब्रुवारी १९६४ या काळात प्रक्षेपित झालेल्या त्या कथेत 'डॅलेक' नावाचे लोखंडी कवचातील जीव प्रथमच अवतरले. इंग्लंडमधील मुले त्यांच्या नावाने वेडी झाली आणि मालिकेचे भवितव्य निश्चित झाले. कोबर्न यांनी या मालिकेसाठी पुन्हा कथा दिली नाही. १९७७ साली त्यांचे निधन झाले. त्यांच्या त्या अडगळीतल्या संहितेचे पुस्तक निघाले ते १९९२ साली, लेखकाच्या मृत्यूनंतर १५ वर्षांनी.

पुढची पायरी श्राव्य रूपाची. 'बिग फिनिश' ही इंग्लंडमधील ध्वनिनाट्ये काढणारी संस्था १९९९ पासून या मालिकेवर आधारित नवी नाट्ये करीत आली आहे. न झालेल्या दूरचित्रवाणी-कथांना श्रुतिकेचे रूप देणारी तिची स्वतंत्र माला २००९ मध्ये सुरू झाली. त्या मालेत 'लक्सरचे स्वामी' ऑगस्ट २०१२ मध्ये आली. रूपांतर नायजेल रॉबिन्सन यांचे आहे. या मालिकेच्या जुन्या कथांची पुस्तके त्यांनी पूर्वी संपादिली होती, काहींच्या कादंबऱ्याही लिहिल्या होत्या. थोडक्यात, माणूस घरचाच आहे.

कथा अशी. डॉक्टरांचे यान एका उजाड, निर्मनुष्य जगावर उतरते. समोर एक भव्य, स्फटिकासारखी वास्तू झळाळत असते आणि यानातील सारी शक्ती जणू तीच शोषून घेत असते. प्रवासी आत शिरतात. मनुष्याचा मागमूस नाही, पण ताटे मांडलेली आहेत, दिवे लागले आहेत, सेवेला यंत्रे हजर आहेत. या यंत्रांवर सत्ता चालविणारा आहे 'परिपूर्ण'. तो दिसतो माणसासारखा, बोलतो माणसासारखा, परंतु जिवंत नाही. आणि ही उणीव त्याला असह्य झालेली आहे. मनुष्य व्हावे एवढीच त्याची इच्छा. त्यासाठी त्याने शोधलेला मार्ग मात्र भयंकर आहे. जिवंत माणसांचे चैतन्य काढून घेऊन ते स्वतःत भरावयाचे! लक्सरहून आणलेल्या बंदिवानांवर हे प्रयोग झाले आणि फसले. आता त्याची दृष्टी सुझन आणि बार्बरा यांच्याकडे वळते. इकडे डॉक्टर आणि इयान त्या वास्तूतून निसटतात आणि या यंत्रांचा आद्य निर्माता टेबॉन याच्यापर्यंत पोहोचतात. वर्षानुवर्षे निद्रिस्त पडलेला टेबॉन जागा होतो तो अपराधाच्या जाणिवेनेच. निर्माता आणि त्याची निर्मिती समोरासमोर आल्यावर पुढे काय होते ते आम्ही सांगत नाही. ते ऐकण्यासारखे आहे.

वाचकांच्या लक्षात आलेच असेल की, हा विषय विज्ञानाचा कमी आणि मनुष्याचा अधिक आहे. 'रोबो' हा शब्द जगाला दिला तो चेक नाटककार कारेल चापेक यांच्या १९२० मधील नाटकाने. मूळ चेक शब्दाचा अर्थ वेठबिगार असा आहे. त्या नाटकाच्या अखेरीस दोन यंत्रमानवांच्या ठायी परस्परांविषयी प्रेम जागे होते आणि त्यांत नवे आदाम-एवा दिसू लागतात. म्हणजे यंत्राला माणूस करणारी गोष्ट होती एकाने दुसऱ्यासाठी जीव टाकावयाची तयारी. कोबर्न यांच्या 'परिपूर्णा'ची वाट नेमकी उलट आहे. त्याला जीव हवा आहे, पण तो दुसऱ्याचा. आणि तोही घेऊन. उत्पत्तीच्या पुस्तकात परमेश्वर मातीच्या नाकपुड्यांत श्वास फुंकतो. तेथे प्राण दिला जातो. लक्सरच्या वास्तूत तो ओरबाडला जातो. जो काढून घेतला तो प्राण परिपूर्णाच्या अंगी लागतच नाही, हे या कथेचे मर्म आहे आणि एका करमणुकीच्या मालिकेच्या मानाने ते पुष्कळच खोल आहे.

येथे डॅलेकशी तुलना करण्याचा मोह आवरत नाही. टेरी नेशन यांचे डॅलेक हे मुळात सजीव. अणुयुद्धानंतर त्यांनी स्वतःला लोखंडात कोंडून घेतले आणि आपल्याहून निराळ्या कोणाचाही ते द्वेष करू लागले. कोबर्न यांचा परिपूर्ण हा मुळात लोखंड. तो सजीवांचा द्वेष करीत नाही, उलट त्यांच्यासारखे होण्यासाठी तळमळतो. एक यंत्र झालेला जीव आणि दुसरे जीव होऊ पाहणारे यंत्र! १९६३ साली निवड झाली ती पहिल्याची. ती निवड चुकीची होती असे म्हणण्याचे धाडस आम्ही करणार नाही. मुलांना चटकन भिववील आणि खेळण्याच्या दुकानात विकता येईल असा खलपुरुष डॅलेकच होता. परंतु आज साठाहून अधिक वर्षांनी, यंत्रे माणसासारखी लिहू-बोलू लागलेली असताना, अधिक अस्वस्थ करतो तो परिपूर्णच, असे आम्हांस वाटते.

आता रूपांतराकडे वळू. आपल्या आकाशवाणीने 'नभोनाट्य' आणि 'श्रुतिका' असे दोन सुरेख शब्द मराठीला रूढ करून दिले. प्रस्तुत कृती आकाशातून आलेली नाही. ती तबकडीवर आणि संगणकावर उतरवून घेण्याच्या रूपात विकली गेली. तेव्हा तिला श्रुतिका म्हणणेच योग्य. या कथेला श्रुतिकेचे रूप सोसले काय, हा पहिला प्रश्न. आमचे उत्तर असे की, दूरचित्रवाणीपेक्षा हेच रूप तिला अधिक मानवले. प्रारंभीच्या काळात ही मालिका लंडनमधील लाइम ग्रोव्ह येथील एका जुन्या, अपुऱ्या चित्रशाळेत कृष्णधवल चित्रित होत असे. त्या जागेत स्फटिकाचा महाल उभा करावयाचा तर रंगविलेला पडदा आणि पुठ्ठा यांवाचून गत्यंतर नव्हते. परिपूर्णाची भूमिका कोणा नटाने चेहरा रंगवून केली असती आणि पुढच्या पिढीने ती पाहून हसू दाबले असते. आवाजाला पुठ्ठा लागत नाही. निवेदकाने महाल झळाळतो म्हटले की तो ऐकणाऱ्याच्या मनात झळाळतो, आणि प्रत्येकाच्या मनातला महाल त्याच्या ऐपतीप्रमाणे मोठा असतो.

पण या श्रुतिकेचे खरे मोल याहून निराळ्या ठिकाणी आहे. मूळ मालिकेत डॉक्टर झालेले विल्यम हार्टनेल १९७५ साली निवर्तले. बार्बराची भूमिका करणाऱ्या जॅकलिन हिल १९९३ साली गेल्या. चौघांपैकी उरले होते दोघे: इयान झालेले विल्यम रसेल आणि सुझन झालेल्या कॅरोल अॅन फोर्ड. श्रुतिका झाली तेव्हा रसेल वयाची ८५ वर्षे ओलांडून गेले होते आणि फोर्डबाई सत्तरी ओलांडलेल्या होत्या. रसेल यांनी इयानचे संवाद म्हटले आणि डॉक्टरांचेही. फोर्ड यांनी सुझनचे म्हटले आणि बार्बराचेही. निवेदनाचा भारही याच मंडळींवर आहे. जोडीला जोसेफ क्लोस्का हा तरुण नट आहे. त्याच्याकडे परिपूर्ण आहे आणि यंत्रांच्या बाजूचे जग आहे. एवढ्या मोजक्या आवाजांत सहा भागांची कथा उभी राहते.

रसेल यांचा डॉक्टर ऐकताना एक गोष्ट प्रकर्षाने जाणवते. ते हार्टनेल यांची नक्कल करीत नाहीत. हार्टनेल यांची बोलता बोलता अडखळण्याची लकब, वाक्याच्या शेवटी उद्गारणारा तो हुंकार, चिडखोर आजोबांचा तो सूर, एवढे ते नुसते सुचवितात. आवाज मुळीच हुबेहूब नाही आणि तसा आणण्याचा अट्टाहासही नाही. तरीही आपल्यापुढे डॉक्टर उभा राहतो, कारण ज्याने त्या माणसाशेजारी उभे राहून काम केले त्याच्या आठवणीतून तो येतो. मरणाच्या घरी जमलेली मंडळी गेलेल्या माणसाचे एखादे वाक्य त्याच्याच ढंगात म्हणून दाखवितात. त्या वेळी कोणी आवाजाची बरोबरी तपासत नाही. सगळ्यांच्या डोळ्यांत पाणी उभे राहते. तशातलाच हा प्रकार आहे. फोर्ड यांच्या बाबतीतही तेच. सत्तरीतल्या बाईंनी पंधरा वर्षांच्या नातीचे संवाद म्हणावेत आणि लागलीच दिवंगत मैत्रिणीचेही म्हणावेत, हे कागदावर अवघड वाटते. ऐकताना सुरुवातीची काही मिनिटे ते अवघड जातेही. मग कान सरावतो आणि वय विसरले जाते.

येथेच कथा आणि तिचे सादरीकरण यांची अनपेक्षित गाठ पडते. कथेतला परिपूर्ण दुसऱ्यांचे चैतन्य घेऊन माणूस होऊ पाहतो आणि फसतो. कथा सांगणारे हे दोन वृद्ध कलावंत मात्र आपल्यापाशी उरलेला आवाज गेलेल्यांना देतात. आणि जे यंत्राला साधले नाही ते त्यांना साधते, एक हरवलेला माणूस क्षणभर पुन्हा बोलू लागतो. हा विरोध रूपांतरकाराने हेतुतः योजला असेल असे आम्ही म्हणत नाही. बहुधा सोयीतूनच तो घडला असावा. परंतु चांगल्या कृतीत सोयीलाही अर्थ येतो.

टेबॉनचा प्रवेश हा आम्हांस श्रुतिकेतील सर्वांत भारदस्त भाग वाटला. या मालिकेत पुढे धर्माचा विषय निघाला तो बहुधा दुरूनच, कधी थट्टेनेही. कोबर्न मात्र अपराध, पश्चात्ताप आणि निर्माणकर्त्यापुढील नम्रता हे शब्द न संकोचता वापरण्याच्या वृत्तीचे लेखक दिसतात. टेबॉनचे पाप हे यंत्र बनविण्याचे नव्हे. आपण निर्माणकर्त्याच्या जागी बसू शकतो असे मानण्याचे आहे. त्याची शिक्षाही मार्मिक आहे. त्याची निर्मिती त्याच्याच अहंकाराची प्रतिकृती होऊन बसली. परिपूर्णाला आपण अपूर्ण आहोत हे कळते, पण ते मान्य करवत नाही. टेबॉनला ते कळते आणि तो मान्य करतो. त्या दोघांत मनुष्य कोण, हे मग वेगळे सांगावे लागत नाही. आई-वडिलांनी मुलांसह ऐकावा असा हा भाग आहे. मुलांच्या पदरी आपण कोणत्या परिपूर्णतेचा ध्यास बांधतो आहोत, हा प्रश्न ऐकून झाल्यावर घरात निघाला तर तो अस्थानी ठरणार नाही.

दोष सांगितल्यावाचून परीक्षण पुरे होत नाही. पहिला दोष लांबीचा. सहा भागांपैकी पहिले दोन जवळजवळ रिकाम्या दालनांतून फिरण्यातच जातात. दूरचित्रवाणीवर आठवड्याला एक भाग पाहणाऱ्यास ते कदाचित चालले असते. सलग ऐकणाऱ्याचा मात्र धीर सुटू लागतो. रॉबिन्सन यांनी येथे अधिक निर्दयपणे कात्री चालविली असती तर कथेचे काही बिघडले नसते. मूळ संहितेविषयीचा आदर आम्ही समजू शकतो. पण मृत लेखकाच्या शब्दाला हात न लावणे हाच आदराचा एकमेव प्रकार नव्हे. कोबर्न स्वतः हयात असते आणि संहिता-संपादकाने आग्रह धरला असता तर त्यांनीच पुष्कळ गाळले असते. नाकारलेल्या लेखनाला पुन्हा संधी देताना, ते नाकारले गेले त्यामागे काही कारणही होते, हे विसरून चालत नाही.

दुसरा दोष स्त्री-पात्रांचा. सुझन आणि बार्बरा बराच वेळ बंदिवान होऊन सुटकेची वाट पाहतात. शोध, धाडस आणि निर्णय हे पुरुषांच्या वाट्याला येतात. १९६३ च्या लेखनात हे नवल नाही. तरी ज्या मालिकेची निर्माती एक तरुण स्त्री होती आणि जिच्या पहिल्याच कथांतून बार्बरा ही करारी, विचारी शिक्षिका म्हणून उभी राहिली, तिथे ही उणीव बोचते. तिसरी तक्रार निवेदनाची. संवादातून जे कळले ते निवेदक कधी कधी पुन्हा सांगतो. श्रोत्यावर विश्वास टाकणे ही श्रुतिकेची पहिली अट आहे. ती अट येथे सर्वत्र पाळली गेलेली नाही.

एवढे असूनही ही श्रुतिका आम्ही का सुचवितो? विल्यम रसेल ३ जून २०२४ रोजी, वयाच्या ९९ व्या वर्षी निवर्तले. म्हणजे ज्याने गेलेल्या सोबत्याला आवाज दिला, तो आवाजही आता मुद्रणातच उरला आहे. दरम्यान दुसरी एक गोष्ट घडली आहे. मृत नटाच्या जुन्या ध्वनिमुद्रणांवरून त्याचा आवाज यंत्राकरवी हुबेहूब घडविणे आता शक्य झाले आहे. उद्या कोणी हार्टनेल यांचा आवाज असा घडवून 'लक्सरचे स्वामी' पुन्हा सादर केली तर ती कानाला अधिक अचूक वाटेल यात शंका नाही. त्यात अडखळणे असेल, हुंकार असेल, सारे असेल. कोणाचा कोणाला पत्ता लागणार नाही असा परिपूर्ण डॉक्टर बोलू लागेल. आणि तो बोलेल ते मृत माणसाच्या चैतन्यातून काढून घेतलेले असेल, त्याला विचारलेही नसेल. ज्या कथेचा गाभा हाच आहे, तीच कथा अशा रीतीने सादर व्हावी याहून मोठा उपरोध कोणता?

यंत्राचा सरसकट तिटकारा करावा असे आमचे म्हणणे नाही. ही श्रुतिकाही यंत्रावरच मुद्रित झाली आणि यंत्रावरच ऐकली जाते. टेबॉनही यंत्र बनविले म्हणून दोषी ठरत नाही. प्रश्न एवढाच की, जे हवे ते दुसऱ्याकडून काढून घ्यावयाचे की आपल्याकडचे त्याला द्यावयाचे. अचूकतेची वाट पहिल्या बाजूला जाते. प्रेमाची वाट दुसऱ्या बाजूला जाते आणि ती बहुधा ओबडधोबड असते. रसेल यांचा डॉक्टर हुबेहूब नाही, म्हणूनच तो आम्हांस जवळचा वाटला.

श्रुतिका इंग्रजीत आहे, आणि मोजक्याच माणसांनी पुष्कळ पात्रे वठविल्याने प्रथम ऐकताना पात्रे ओळखण्यास थोडे कष्ट पडतील. माध्यमिक शाळेतल्या मुलामुलींना ती सहज समजेल. आजी-आजोबांना ती मुलांनी मधे मधे थांबवून मराठीत सांगावी. आमच्या मते ती ऐकण्याची उत्तम रीतही तीच. एकाचा शब्द दुसऱ्याने आपल्या तोंडून तिसऱ्याला द्यावा, आणि त्या देण्याघेण्यात तो थोडा बदलला तर बदलू द्यावा. १९६३ साली ज्या कथेला कोणी दार उघडले नाही, ती आजवर अशाच हातांतून हातांत आली आहे.